जाड्यांचा बंदोबस्त

सोमवार, ३ मार्च

शाळेतून निवृत्त होऊन दोन महिने झाले. तेवढ्यात घरातली सगळी कपाटं तीनदा लावून झाली. काल मी धाकटीचा चष्मा पुन्हा एकदा जागेवर ठेवला आणि तिला तो पुन्हा एकदा सापडेना. तेव्हा ती म्हणाली, "ताई, माझी मदतनीस नोकरी सोडून गेलीय. दुसरी मिळेपर्यंत तू येशील का प्रयोगशाळेत? फार काही नाही, लक्ष ठेवायचं फक्त."

लक्ष ठेवायचं काम मी चौतीस वर्षं केलं आहे, त्यातली बारा मुख्याध्यापिका म्हणून. आज रुजू झाले. शाळेत रोज संध्याकाळी दिवसाचा गोषवारा लिहीत असे. ती सवय मोडायचं कारण दिसत नाही.

खोलीला प्रकाशखोली म्हणतात. आकाराने वर्गाच्या निम्मी. तिन्ही भिंतींना मांडण्या, मांडण्यांना ट्यूबलाइट, दिव्यांखाली काचेचे चंबू आणि चंबूंत निळसर हिरवं पाणी. प्रत्येक चंबूत एक बारीक नळी, तिच्यातून सतत बुडबुडे. बुडबुडे सोडणारा पंप मासे पाळणारे लोक वापरतात तसला, कोपऱ्यात जमिनीवर ठेवलेला. फरशी चिकट. दाराच्या काचेवर बोटांचे ठसे, त्यातले काही इतके जुने की ती बोटं आतापर्यंत बढती घेऊन दुसरीकडे गेली असतील.

"अगं, कुबट वास येतोय इथे," मी म्हटलं.

"येत असेल. मला सर्दी आहे."

ती पाचवीत होती तेव्हापासून तिला सर्दी आहे.

उद्या घरून काचा-फरशीचं औषध आणते. निळ्या रंगाचं, अमोनियावालं. आमच्या शाळेची फरशी त्याच्यावरच चकाकत असे.

मंगळवार, ४ मार्च

फरशी पुसली, मांडण्या पुसल्या, दार पुसलं. डोळ्यांत पाणी आलं, म्हणजे औषध अस्सल आहे. बादली पंपाशेजारच्या कोपऱ्यात ठेवली. कुणाच्या पायात येत नाही.

दुपारी धाकटीने मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. माझी वनस्पतिशास्त्राची पदवी आहे, याची मी तिला आठवण करून दिली.

"हे नीलहरित शैवाल," मी म्हटलं.

"आता त्यांना जीवाणू म्हणतात, ताई."

"कधीपासून?"

"तू शिकलीस त्यानंतर."

माझी पाठ वळायची खोटी, यांनी घर बदललं.

पण दृश्य छान आहे. हिरव्या मण्यांच्या माळा, आणि आठ-दहा मणी सोडले की एक मणी वेगळा: फुगीर, फिकट, जाड भिंतीचा. त्याचं शास्त्रीय नाव लांबलचक आहे. मी त्यांना जाडे म्हणते.

"पाण्यात नायट्रोजनचं खत नसलं," धाकटी सांगू लागली, "की माळेतल्या काही पेशी जाड भिंती बांधून घेतात. ऑक्सिजनला आत येऊ देत नाहीत. मग हवेतला नायट्रोजन ओढून शेजाऱ्यांना पुरवतात."

"खत घातलं तर?"

"मग कशाला बांधतील भिंती? आयतं मिळालं तर कोण एवढं करतंय?"

"आणि हे जाडे स्वतः खातात काय?"

"शेजारी साखर देतात."

"म्हणजे स्वतः उजेडात राबायचं नाही."

धाकटीने कपाळाला हात लावला. काही म्हणो, मला जाडे पसंत नाहीत. रांगेत उभं राहून वेगळी दिसणारी मुलंही मला कधी पसंत नव्हती.

शुक्रवार, ७ मार्च

आज मूळ मुद्दा समजला. जाडे नायट्रोजन पकडतात तेव्हा त्यांच्याकडून थोडा हायड्रोजन सुटतो. हायड्रोजन जाळला की नुसतं पाणी उरतं, म्हणून इंधन म्हणून तो सगळ्यांना हवा आहे. पण जाड्यांच्या आत दुसरंही एक यंत्र असतं. ते हा सुटलेला हायड्रोजन लगेच परत पिऊन टाकतं. बाहेर फारसं काही येत नाही.

"स्वतःच सोडायचा आणि स्वतःच प्यायचा?"

"काटकसर, ताई. तू नाही का साबणाचा चपटा तुकडा नव्या वडीला चिकटवत?"

"मग चांगल्या वळणाचे आहेत की."

"ते परत पिणारं यंत्र ज्या जनुकावरून तयार होतं, ते जनुक मी मोडलंय."

अकरा वर्षं खपून माझ्या बहिणीने काटकसरीचं जनुक मोडलं. मूळच्या वाणाला ती शहाणी म्हणते आणि जनुक मोडलेल्या वाणाला मोडकी. गेल्या महिन्यात मोडकीने शहाणीच्या कितीतरी पट हायड्रोजन बाहेर सोडला.

दहा एप्रिलला संस्थेचे संचालक तो स्वतः बघायला येणार आहेत. दिसला तर धाकटीचं काम आणि ही खोली तीन वर्षं पुढे. नाही दिसला तर काम बंद, आणि खोली शेजारच्या अळंबीवाल्या प्राध्यापकांना. ते आत्ताच येता-जाता दाराशी थांबून भिंतींची मापं डोळ्यांनी घेतात.

जनुकाबद्दल माझं मत काहीही असो, या खोलीत अळंबी येणार नाही.

बुधवार, १२ मार्च

हायड्रोजन मोजायच्या यंत्रावर गॅसचा आकडा घसरला. यंत्र बिघडलं असेल, म्हणून धाकटीने दुरुस्तीवाल्याला बोलावलं. पन्नाशी ओलांडलेला, इस्त्रीचा शर्ट, हत्यारांची पेटी आतून कप्पे केलेली. पहिला ग्रह चांगला झाला. मग तो प्रकाशखोलीच्या दारात शिंकला आणि शिंकतच राहिला.

"रुमाल आहे का?" मी विचारलं.

"आहे, मोठ्या बाई."

इथे सगळे मला मोठ्या बाई म्हणतात. मी कुणाला सांगितलं नव्हतं.

दोन तास यंत्र उघडून बसला आणि म्हणाला, "याला काही झालेलं नाही." काम जमत नसलं की माणसं हेच म्हणतात. याला मी शिंक्या म्हणणार.

चंबू मात्र माझ्या हाताखाली सुधारले आहेत. रंग कसा गडद, टवटवीत! धाकटीला नेऊन दाखवले. "वाढलेत छान," म्हणाली, पण चेहरा उतरलेलाच.

मंगळवार, १८ मार्च

आकडा आणखी खाली. यंत्र नीट असेल तर मोडकी पुन्हा शहाणी होते आहे, असा धाकटीला संशय आहे.

"मोडलेलं जनुक आपोआप कसं जुळेल?" मी विचारलं.

"जुळत नाही. पण यांच्या एकेका पेशीत गुणसूत्राच्या पुष्कळ प्रती असतात. त्या प्रत्येक प्रतीतलं जनुक मोडावं लागतं. एखादी धड प्रत लपून राहिली, तर तिची पिलावळ वाढत जाते."

"म्हणजे दंगेखोर पोरं वर्गाबाहेर काढली आणि एक बाकाखाली राहिला."

"अगदी तसंच!"

"मग बाकाखाली बघ."

आता ती दिवसभर खालच्या मजल्यावर जनुकांच्या चाचण्या करत असते. सूक्ष्मदर्शकाचं काम पूर्णपणे माझ्याकडे.

गुरुवार, २० मार्च

आनंदाची गोष्ट. जाडे नाहीसे झाले! माळ या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी. कुणी फुगलेला नाही, कुणी फिकट नाही. सहावीचा वर्ग प्रार्थनेला उभा असावा तशी.

जिन्यात धाकटी भेटली. "पेशी कशा दिसताहेत, ताई?"

"एकदम शिस्तीत."

"बरं," म्हणाली आणि धावत खाली गेली. शिस्तीत म्हणजे कशा, हे तिने विचारलं नाही. आमच्या घरात शिस्तीबद्दल प्रश्न विचारायची पद्धत नाही.

सोमवार, २४ मार्च

चाचणीचा निकाल आला. बाकाखाली कुणी नाही. सगळ्या प्रती मोडलेल्या. आणि गॅस शून्य.

"जनुक मोडलंय, पेशी वाढताहेत, मग हायड्रोजन जातोय कुठे?" असं म्हणून धाकटीने टेबलावर डोकं टेकलं. मी तिला नीट बसायला सांगितलं. मग पाठीवर हात ठेवला. तो लगेच काढून घेतला, कारण तिला रडू आलं असतं.

शिंक्या आला होता. कुणी बोलावलं नव्हतं. "या बाजूने चाललो होतो," म्हणाला. या बाजूला आमच्या इमारतीशिवाय फक्त पाण्याची टाकी आहे. शिंकून झाल्यावर तो नाक वर करून खोलीच्या मधोमध उभा राहिला. मग पंपापाशी वाकला. मग माझ्या बादलीकडे बघत राहिला.

"काही हवंय का?"

"नाही, मोठ्या बाई. बादली छान आहे."

यंत्र बघायला आलेला माणूस बादलीचं कौतुक करतो. अशाने काय दुरुस्त होणार?

गुरुवार, २७ मार्च

जिन्याच्या वळणावर धाकटी आणि शिंक्या कुजबुजत होते. मला बघताच गप्प. त्याआधी धाकटीचं एक वाक्य कानावर आलं: "ताईला नको कळायला, तिला फार लागेल."

जिन्याच्या वळणावरच्या कुजबुजी ओळखण्यात माझं आयुष्य गेलं आहे. तो न बोलावता येतो. ती त्याच्यासाठी बिस्किटांचा डबा लपवून ठेवते, तो मी परवाच पाहिला. निष्कर्ष एकच निघतो.

धाकटी बावन्न वर्षांची आहे. आई गेली तेव्हा नऊ वर्षांची होती, तिच्या वेण्या मी घातल्या. आता मला लागेल म्हणून माझ्यापासून लपवते. मला का लागावं? अजिबात लागलेलं नाही. आमचं घर दोघींना छान पुरतं. एकीला तर उरेल.

सोमवार, ३१ मार्च

औषधात भेसळ! बाटली तीच, निळा रंग तोच, पण वास नाही आणि डोळ्यांत थेंबभर पाणी नाही. वर फडक्याला शाईसारखे डाग. घरी एक बाटली शिल्लक होती, तिचीही तीच गत. दुकानदाराला जाऊन सुनावलं. तो म्हणाला, "बाई, झाकणबंद माल येतो. मी काय करणार?" धाकटीला हे सांगितलं तर तिला खोकल्याची अशी उबळ आली की ती गॅलरीत निघून गेली.

तिने सगळे चंबू ओतून देऊन नव्या पाण्यात नव्याने माळा वाढवायला घेतल्या आहेत. "का?" विचारलं तर म्हणे, "असंच. ताजं बरं."

शुक्रवार, ४ एप्रिल

जाडे परत आले. भेसळीच्या औषधाने खोली पुसल्यावर दुसरं काय होणार? धाकटीला कडक शब्दांत कळवलं.

"पुन्हा आठ-दहा मणी सोडून एक. जैसे थे! माझी सगळी मेहनत पाण्यात गेली."

तिने मला मिठी मारली. प्रयोगशाळेत, पांढऱ्या कोटात, दार सताड उघडं असताना. "ताई, नीट बघितलंस? नक्की जाडेच?" तिच्या मनावर ताण आला आहे. मी पाणी दिलं.

संध्याकाळी गॅसचा आकडा वर सरकला. "यंत्र दुरुस्त झालं वाटतं," ती शिंक्याकडे बघत म्हणाली. मी त्याला विचारलं, "याला काही झालंच नव्हतं ना?" दोघंही हसली. प्रेमात पडलेल्या माणसांशी तर्काने बोलण्यात अर्थ नाही.

मंगळवार, ८ एप्रिल

परवा संचालक येणार. आकडा रोज चढतो आहे, पण खोलीची अवस्था बघवत नाही. आज बस पकडून लांबच्या दुकानात गेले आणि अमोनियाच्या दोन मोठ्या बाटल्या आणल्या. दुकानातच झाकण उघडून हुंगलं. अस्सल. उद्या फरशी अशी काढते की साहेबांना तिच्यात तोंड दिसेल.

दुसरा विषयही उद्याच संपवते. काय बोलायचं ते आरशासमोर एकदा म्हणून पाहिलं.

बुधवार, ९ एप्रिल

क्रमाने लिहिते, कारण अजून माझ्याच डोक्यात क्रम बसलेला नाही.

सकाळी प्रकाशखोलीचं दार उघडलं. आत धाकटी आणि शिंक्या एकाच चंबूवर वाकलेले. माझ्या दोन हातांत दोन बाटल्या. मला बघून दोघांचेही चेहरे पांढरेफटक पडले. मी सरळ विषयाला हात घातला.

"किती दिवस लपवणार होतात?"

"ताई, मी सांगणारच होते," धाकटी म्हणाली.

"कधी? सगळं उरकल्यावर?"

"तुला लागलं असतं गं."

"लागायचंय काय? लहान नाही तुम्ही दोघं. माणूस नीटनेटका आहे. शिंकतो, पण त्यावर औषध असेल. माझी हरकत नाही. जिन्यात कुजबुजत बसू नका, एवढंच. लग्न करायचं तर उघड करा."

शिंक्याने चंबू जपून मांडणीवर ठेवला.

"लग्न?" धाकटी म्हणाली.

"मग काय लपवत होतात?"

"बाटली. तुझी बाटली, ताई. तुझं औषध ओतून देऊन त्यात पाणी मी भरलं. आणि शाई."

मग तिने सगळं सांगितलं. पंप जमिनीवर, त्याच्या शेजारी माझी बादली. तो रोज माझ्या औषधाची वाफ ओढून चंबूंना पाजत होता. अमोनिया म्हणजे नायट्रोजनचं आयतं खत. पोट भरलेल्या माळा टवटवीत झाल्या आणि त्यांनी जाडे करायचं सोडून दिलं. जाडे नाहीत म्हणून हायड्रोजन नाही. जनुक आपल्या जागी व्यवस्थित मोडलेलंच होतं.

अमोनियात नायट्रोजन असतो, हे मी आठवीला शिकवलं आहे. फळ्यावर लिहून. साऱ्या वर्गाकडून म्हणून घेऊन.

मी स्टुलावर बसले. "वास कुणाला आला?"

शिंक्याने हात वर केला, वर्गात करतात तसा. "शिंका पहिल्याच दिवशी आल्या, मोठ्या बाई. कारण कळायला वेळ लागला."

"मग मला सरळ का नाही सांगितलंत?"

"तुला सरळ कोण सांगणार, ताई?" धाकटी म्हणाली. "आजवर कुणी सांगितलंय?"

मी हातातल्या बाटलीवरची सूचना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

बाटल्या अजून हातातच होत्या. शिंक्याने त्या हळूच काढून घेतल्या आणि इमारतीबाहेर नेऊन ठेवल्या. परत आला तो दारातच उभा राहिला.

"मोठ्या बाई, मघाशी तुम्ही ते जे दुसरं बोललात... मला अजून कुणी विचारलेलं नाही. पण माझीही हरकत नाही."

धाकटी चंबूत बघत होती. कान लालभडक. "यंत्र तपासायला येतो म्हणत होतात ना तुम्ही?"

"यंत्राला कधीच काही झालं नव्हतं," शिंक्या म्हणाला.

गुरुवार, १० एप्रिल

सगळ्यांच्या आधी पोचले. व्हरांड्यात पाऊल टाकलं आणि एका श्वासात ओळखलं. साहेब येणार म्हणून सफाईवाल्यांनी अख्खा व्हरांडा अमोनियाने पुसायला घेतला होता.

"थांबा!"

मैदानावर वापरायचा आवाज होता तो. वरच्या मजल्यावरचेही दोघे जागच्या जागी थांबले म्हणे. बादल्या बाहेर काढल्या, खिडक्या उघडल्या, साध्या पाण्याने फरशी पुन्हा पुन्हा पुसून घेतली आणि प्रकाशखोलीच्या दाराखालच्या फटीत माझी शाल कोंबली. अळंबीवाले प्राध्यापक तक्रार करू लागले, "अहो, फरशी ओली आहे, मी घसरेन!"

"मग हलू नका," मी म्हटलं. ते हलले नाहीत.

संचालक आले. मी दार अडवून विचारलं, "हात कशाने धुतलेत?" धाकटीने डोळे मिटून घेतले.

"साबणाने," साहेब म्हणाले.

"या."

शिंक्या यंत्रापाशी उभा होता. आधी शहाणीच्या चंबूतली हवा यंत्रात सोडली. पडद्यावर एक बारीकसा उंचवटा आला. मग मोडकीची सोडली. रेघ वर चढायला लागली ती चढतच गेली. धाकटीने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मी तिला नीट उभं राहायला सांगितलं नाही.

"हा हायड्रोजन जाड भिंतीच्या पेशींतूनच येतो, हे कशावरून?" साहेबांनी विचारलं.

"त्या पेशी नसताना काय होतं तेही पाहिलंय आम्ही," धाकटी म्हणाली. "अमोनिया दिला, त्या गेल्या, गॅस शून्य झाला. अमोनिया बंद केला, त्या परत आल्या, गॅसही आला. आता हेच मुद्दाम, नीट मोजूनमापून करणार आहोत."

"उत्तम. मूळ कल्पना कुणाची?"

माझ्या बहिणीने बेधडक माझ्याकडे बोट दाखवलं.

"वा! आपण इथे काय काम करता?"

"लक्ष ठेवते," मी म्हटलं.

शिंक्याला शिंक आली. ती खोटी होती, खात्रीने सांगते.

खोली राहिली. तीन वर्षं. अळंबीवाल्यांना हलायची परवानगी दिली.

रविवार, १३ एप्रिल

खोलीच्या दारावर ठळक अक्षरांत पाटी लावली आहे: "अमोनिया आत आणू नये. अपवाद नाही." खाली माझी सही. उद्यापासून नवी मदतनीस येते आहे. तिला तयार करायचं काम माझ्याकडे आहे.

संध्याकाळी शिंक्या धाकटीला फिरायला न्यायला आला. आता त्याला शिंक्या म्हणणं बरं नव्हे, पण सवय जायला वेळ लागेल. मी म्हटलं, "जाऊन ये. सावकाश ये." दोघं जिना उतरली तोवर मी खिडकीशी पोचले होते. "आठच्या आत ये!" असं ओरडायला तोंड उघडलंसुद्धा होतं. दिलेलं बाहेर पडायच्या आत जाड्यांसारखं परत पिऊन टाकायचं, हे मला नीट ओळखू आलं. तोंड मिटलं. ती फाटकाबाहेर गेली, वळून बघितलं, हात हलवला. मीही हलवला.

तिचा चष्मा सोफ्यावर उलटा पडला आहे, काचा खाली करून. तो जागेवर ठेवायला उठले आणि परत बसले. माझंही ते जनुक मोडलं असं धरून चालायचं. सगळ्या प्रती मोडल्या की एखादी बाकाखाली बसली आहे, ते कळेल हळूहळू.